गमछ्यातला कापूस

अब्बा,

आपल्या घराला पुढची खोली कधी नव्हतीच. जी होती ती मशीनची. तेल्हाऱ्यात आपलं घर विचारायची गरज पडत नसे, भिंतींवर आणि समोरच्या तारांवर बर्फ पडल्यासारखा कापूस दिसला की ते गादीवाल्याचं घर. पाहुणा मशीनला वळसा घालून मागे येईपर्यंत त्याच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असत. अम्मी तव्यावरून भाकरी काढली की तिच्यावर फुंकर मारायची. लोकांच्या घरी राख उडवायला मारतात, आपल्याकडे कापूस उडवायला. शाळेत मुली माझ्या वेणीतून कापूस वेचून काढत आणि मला म्हातारी म्हणत. मी घरी येऊन रडले तर तुम्ही मशीन बंद न करताच ओरडून म्हणालात, "म्हतारी म्हन्तेत ना? तं मंग त्याह्यले म्हना, आजीच्या पाया पडा."

नवा कापूस आपल्याकडे येतच किती होता. लोक आणायचे जुन्या गाद्या, बापाच्या, आज्याच्या, बाळंतिणीच्या, मेलेल्या माणसाच्या. त्या उसवायच्या, दगडासारखा झालेला कापूस ओढून काढायचा, मशीनमध्ये घालायचा आणि ढगासारखा करून परत भरायचा. त्या कापसात जे काय साठलेलं असेल ते सगळं आधी हवेत जायचं आणि तिथून तुमच्या छातीत. गावभराची झोप तुम्ही पिंजून दिली. आणि तुम्हाला खोकला लागला तेव्हा त्याच गावानं चहाच्या टपरीवर तुमचा कप वेगळा ठेवला.

मला हे आज लिहायचं आहे, कारण तुमच्या मय्यतीला आलेला जवळजवळ प्रत्येक माणूस मला एकच वाक्य ऐकवून गेला. "सुटले बिचारे खोकल्यातून." कोणी मराठीत म्हणालं, कोणी हिंदीत. चाळिसावा दिवस अजून व्हायचा आहे, म्हणजे अजूनही लोक येत आहेत आणि अजूनही हेच म्हणत आहेत. मी मान हलवते. अम्मीनं सांगितलंय, आलेल्या माणसाशी भांडायचं नाही. म्हणून मी तुमच्याशी भांडते. तुम्ही खोकल्यातून सुटला नाहीत, अब्बा. खोकल्याला तुम्ही आधीच वेसण घातली होती. तुमचा जीव घेतला तो फुफ्फुसांनी. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या आहेत हे आपल्याला इतकी वर्षं कुणीही सांगितलं नाही, याचा राग माझ्या पोटातून जात नाही.

इतकी वर्षं काय झालं? तुम्ही खोकायचे, आपण दवाखान्यात जायचो. थुंकी तपासायला पाठवायचे. टीबी नाही. लाल औषधाची बाटली. बाटलीनं तुम्ही मशीनवर पेंगायचे, अम्मी घाबरून बाटली मोरीत ओतायची, खोकला होता तिथेच. पुन्हा दवाखाना, पुन्हा थुंकी, पुन्हा टीबी नाही, हिरवी बाटली. एका डॉक्टरनं तर मान वर न करता विचारलं, "बिडी सोडली का?" तुम्ही म्हणालात, "धरलीच नाही तं सोडू कशी?" त्यानं तरी लिहिलं की बिडी सोडा.

आणि टीबी नाही म्हणून कागद सांगत होता, तरी माणसं काय सांगत होती? अकोल्याच्या एसटीत तुम्हाला ढास लागली की पुढच्या बाईनं पदर नाकाला लावून पोराला उचललंच. कोरोनानंतर तर विचारूच नका. तुम्ही बसमध्ये चढायच्या आधी फाट्यावर उभे राहून मुद्दाम खोकून घ्यायचे, जणू आतलं सगळं संपवून टाकलं की वाटेत लागणार नाही. मी म्हणायची, असं होत नसते अब्बा. तुम्ही म्हणायचे, "तुले काय मालूम, माहा खोकला हाय."

पण हे सगळे परके होते. मला खरं लागलं ते बडे अब्बांच्या घरचं. तुमचे सख्खे मोठे भाऊ, अकोल्यात जुन्या शहरात स्थायिक झालेले, घरात हिंदीच बोलणारे. त्यांच्या दोन्ही मोठ्या मुलींच्या निकाहात वकील तुम्ही होतात. आपल्यात मुलगी आतल्या खोलीत बसते, वकील दोन गवाह घेऊन तिच्याकडे येतो, मुलाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, त्यानं द्यायची मेहरची रक्कम सांगतो आणि तीनदा विचारतो, कबूल आहे का. मग तिचा जबाब तो मांडवात जाऊन काझीसमोर सांगतो. खानदानात वकील म्हटलं की तुम्हीच, कारण तुमचा आवाज मोठा. मशीनवर बोलून बोलून मोठा झालेला. बायका म्हणायच्या, सलीमभाई वकील असले की नवरीला ऐकूच आलं नाही असं म्हणायची सोय नाही.

आणि त्यांच्या धाकटीच्या लग्नात त्यांनी तुम्हाला मांडवाच्या मागे, बिर्याणीच्या देगी चुलीवर लागल्या होत्या तिथे खुर्ची टाकून दिली. धुराजवळ. "तू इधर बैठ, सलीम. उधर खाँसेगा तो लोग पलट-पलट के देखेंगे." वकील म्हणून त्यांचा साला गेला. तुम्ही धुरात बसून खोकत होते आणि बावर्च्याला सांगत होते की बिर्याणीत मीठ कमी आहे. मी तुमच्याजवळ आले तर म्हणालात, "इथं बरं हाय वं. पयलं वाढप इथंच होते."

तुमची ती थट्टा मला आजही सहन होत नाही.

मी तेव्हा अमरावतीला होते. कापसाच्या बाहेर निघालेली आपल्या खानदानातली पहिली पोरगी, बी.ए. झालेली, एका शाळेत शिकवणारी. भाड्याच्या खोलीत माझ्यासोबत तिवस्याची राजश्री राहायची. तिचं फिजिओथेरपीचं शिक्षण झालं होतं आणि ती एका दवाखान्यात छातीच्या पेशंटना व्यायाम शिकवायची. तिनंच तिथल्या मोठ्या डॉक्टरांकडे तुमचा नंबर लावला. सीटी स्कॅन झाला. पहिल्यांदा कुणीतरी नीट सांगितलं. फुफ्फुसं आतून निबर झाली आहेत, वर्षानुवर्षांच्या धुळीनं व्रण धरलेत, हे मागे फिरणारं नाही, पुढे जाणं हळू करता आलं तर पाहू. त्याची औषधं लिहिली. मी विचारलं, "आणि खोकला?" ते म्हणाले, "तो राहणार. सवय करून घ्या."

सवय करून घ्या. जेवता येत नाही, दोन वाक्यं सलग बोलता येत नाहीत, हसलं की ढास, खोकून खोकून बरगड्या दुखतात, माणसात बसवत नाहीत. याची सवय. त्या दिवशी मी बाहेर येऊन राजश्रीवर ओरडले, जणू ती त्या डॉक्टरांची बहीण होती. ती शांतपणे म्हणाली, "फुफ्फुसाचं माह्या हातात नाही. खोकल्याचं थोडं हाय. अब्बांना दोन दिवस ठेवून घे. नाहीतर मीच येतो तेल्हाऱ्याले, घर पाहाले लागन."

ती आली. तुम्ही तिला आधी ओळखलंच नाही, तुम्हाला वाटलं कुणी गादी भरायला आली. मशीन बंद करून तुम्ही गमछा तोंडावरून खाली ओढला, घाम पुसला, आणि ढास लागली. तुम्ही तोच गमछा परत तोंडावर धरला आणि त्यात खोकत राहिलात. ढास थांबेना. तुम्ही गमछा आणखी घट्ट दाबला. राजश्री बघत होती. थांबल्यावर तिनं हात पुढे केला.

"अब्बाजी, थो गमछा द्या जरा."

"घानेरडा हाय, बेटा."

"म्हनूनच मांगून राहिली."

खिडकीतून उन्हाची तिरीप येत होती. तिनं गमछा त्या उन्हात नेऊन एकदाच झटकला. तुम्हाला आठवतं ना काय झालं? तिरीप दिसेनाशी झाली. इतका कापूस. इतकी धूळ. अम्मी चुलीजवळून म्हणाली, "जुम्म्याले धुतो ना मी." आपण तिघंही त्या उन्हाकडे पाहत राहिलो. मशीनवर असताना नाकात धूळ जाऊ नये म्हणून तुम्ही जो गमछा बांधायचे, दिवसभराची धूळ ज्यानं अडवून धरलेली असायची, तोच गमछा खोकला आला की तुम्ही तोंडावर दाबायचे. लोकांवर खोकू नये म्हणून. ढास लागली की माणूस जीव खाऊन श्वास ओढतो, आणि तुम्ही तो त्या गमछ्यातून ओढायचे. मशीन बंद झाल्यावरही. एसटीत, अकोल्यात, दवाखान्याच्या बाकावर. आठवडाभर एकच गमछा.

आपल्याला दिसलं कसं नाही म्हणून मी विचारलं तेव्हा तुम्ही जे बोललात ते माझ्या डोक्यातून जात नाही. "दिसन कसं? हे तं आपल्या घरातली हवा हाय."

चूक म्हणावी तर अशी चूक पिंजाऱ्याशिवाय दुसरं कुणी करू शकत नाही. पण मला तुमचा राग नाही आला. मला त्या सगळ्यांचा आला ज्यांच्या टेबलासमोर तुम्ही तो गमछा तोंडाला लावून बसला होता. लाल बाटली लिहिणाऱ्यानं तो पाहिला. हिरवी लिहिणाऱ्यानं पाहिला. बिडीवाल्यानं पाहिला असता, मान वर केली असती तर. एकानंही विचारलं नाही, काका, तुम्ही काम काय करता?

मशीन मागच्या आवारात टिनाच्या शेडमध्ये गेली आणि तुमचा भाचा चालवायला लागला. तुम्ही शिव्या देत बाहेरून हिशेब पाहायला लागलात. पुढची खोली धुतली, ओल्या फडक्यानं पुसली, चुना मारला. अम्मी पहिल्यांदा त्या खोलीत खुर्ची टाकून बसली आणि म्हणाली, "आता आपल्याले बी ओटा-बैठक झाली." जुमेरातीचा लोबानाचा धूर तुम्ही सोडला नाहीत, पण अंगणात नेलात आणि वाऱ्याची दिशा पाहून उभे राहायला लागलात. फोडणीच्या वेळी तुम्हाला अंगणात काढायचं काम अम्मीनं घेतलं. रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटायचं बायकोनं घराबाहेर काढलं. तुम्हीही त्यांना तेच सांगायचे.

मग राजश्रीनं तुम्हाला घसा समजावून सांगितला. ती म्हणाली, घसा आता चिडका झालाय. कुणी नुसतं बोट लावलं तरी मारायला धावतो. खोकलात की तो आणखी सोलतो, सोलला की आणखी चिडतो, चिडला की पुन्हा खोकला.

"म्हनजे माह्या भावासारका," तुम्ही म्हणालात.

"मंग त्याच्यासंगं जसं वागता तसं वागा. त्यानं तोंड उघडलं की तुमी बंद करा."

खाज सुटली की लगेच ओठ मिटायचे. आवंढा गिळायचा. जवळ पाणी असेल तर एकच घोट. मग नाकानं हळू श्वास, पोटात उतरेल असा, आणि ओठांचा चंबू करून गरम चहा फुंकावा तसा सोडायचा. खाज ओसरेपर्यंत पुन्हा. एवढंच. तुम्ही तिच्या तोंडाकडे बघत राहिलात. "एवढ्यासाठी अमरावतीहून आली?" ती म्हणाली, "आल्यावर च्या तं पाजा." पहिले दिवस जमलं नाही. तुम्ही आवंढा गिळायच्या ऐवजी श्वासच रोखून धरायचे, चेहरा वांग्यासारखा व्हायचा आणि मग दुप्पट ढास. मी म्हणायची, हळू अब्बा. तुम्ही म्हणायचे, "हळू काई केलंच नाई जिंदगीत."

पण जमलं. काही आठवड्यांनी तुम्ही एक पूर्ण भाकर, मधे न थांबता खाल्ली. अम्मीनं ते पाहिलं आणि पाठ फिरवून भांडी घासायला बसली, भांडी घासलेली असताना.

आणि मग आपलं ते भांडण सुरू झालं जे अजून मिटलेलं नाही. राजश्रीनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. कोरडी खाज असेल तरच थांबवायची. कफ असेल तर तो काढायचा, दाबायचा नाही. आणि ताप आला, धाप वाढली, कफात रक्त दिसलं तर व्यायामबियाम सगळं सोडून डॉक्टरकडे जायचं. तुम्ही मात्र एकदा हातात लगाम आल्यावर सगळाच खोकला आवळायला लागलात. छातीत कफ घुरघुरतोय आणि तुम्ही पाहुण्यासमोर ओठ मिटून बसलेले. मी विचारलं, काहून दाबता? तुम्ही म्हणालात, "लोक बसले होते ना."

अब्बा, मी ते तुमच्यासाठी आणलं होतं. तुम्हाला जेवता यावं, बोलता यावं, बरगड्या दुखू नयेत म्हणून. लोकांच्या कानाला त्रास नको म्हणून नव्हे. तुम्ही गावाची धूळ गिळली आणि आता गावासाठी कफही गिळायला निघाला होता. मी हे तुम्हाला ओरडून सांगितलं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "तुले नाई समजाचं. तुले कोनी खुर्चीवरून उठवलं नाई." कफ काढायला तुम्ही पुढे शेडमागे जायला लागलात, एवढी तडजोड झाली. कोण जिंकलं ते ठरलं नाही.

दुसरं भांडण रमजानचं. माझं लग्न ईदेनंतर ठरलं होतं. डॉक्टरांनी रोजे नकोत म्हणून सांगितलं. मौलानांनीही सांगितलं, आजारी माणसाला सूट आहे, ही अल्लाहनंच दिलेली आहे. तुम्ही दोघांचं ऐकून घेतलंत आणि पहाटे सहरीला उठलात. मी म्हटलं, पाण्याचा घोट कुठून घ्याल आता? दिवसभर घोट नाही, घसा कोरडा, अकोल्याकडचं ऊन. तुम्ही म्हणालात, "म्हनूनच. बिनपान्याचं जमलं तं निकाहात बी जमन. तिथं काय मी हातात गिलास घेऊन कबूल विचारू?"

तेव्हा मला कळलं तुमच्या मनात काय आहे.

मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण माझ्याही मनात तेच होतं. बडे अब्बा एका इतवारी येऊन बसले आणि पंख्याखाली टोपी काढून सरळ म्हणाले, "वकील मैं बन जाता हूँ. तूने मेरी दो बेटियों का किया, मैं तेरी का करता हूँ. हिसाब बराबर." तुम्ही म्हणालात, "मी बाप हाव. मी विचारीन." ते म्हणाले, "अरे, बीच में खाँसी आई तो? लड़केवाले बोलेंगे इनके घर में टीबी है. लड़की का घर बसने से पहले ही बात फैलेगी." तुम्ही गप्प झालात. खोकल्यानं नाही. भावानं.

मग मी आतून बाहेर आले. लग्न ठरलेल्या मुलीनं मोठ्यांच्या बैठकीत येऊ नये, हे मला माहीत आहे. मी म्हटलं, बडे अब्बा, लड़केवालों को मैंने खुद बताया है. कागद दिखाए हैं. टीबी नहीं है, कभी नहीं थी. माझा वकील माझा बाप असेल. नसेल तर मी जबाब देणार नाही, विचारणारा कोणीही असो. अम्मीनं डोक्याला हात लावला. बडे अब्बा तुमच्याकडे वळले आणि म्हणाले, "और पढ़ा." तुम्ही म्हणालात, "शिकवली म्हनून तं उभी हाय." आणि हसलात, आणि हसण्यानं खाज सुटली, आणि ओठ मिटून तुम्ही ती खाज तिथेच, त्यांच्या समोर, जिरवली. ते बघत राहिले. त्यांना काय झालं ते कळलं नाही. मला कळलं.

रोजे किती धरले, किती सोडले ते मी विचारलं नाही. काही दिवस तुम्हाला धाप लागली आणि अम्मीनं जबरदस्ती पाणी पाजलं, हे मला माहीत आहे. बाकीचे दिवस तुम्ही असरच्या नमाजानंतर पुढच्या खोलीत सराव करायचे. अम्मीला समोर बसवायचे. मुलाचं नाव, बापाचं नाव, मेहर. प्रत्येक तुकड्यानंतर थांबायचं, नाकानं श्वास, मग पुढचा तुकडा. "कबूल आहे?" असं तुम्ही विचारलं की अम्मी म्हणायची, "एकडाव केलं थे भोगून राहिली. आता तिसऱ्यांदा कायले विचारता?"

निकाहच्या दिवशी राजश्री अमरावतीहून पहाटेच निघून आली. तिनं दाराशीच माणूस बसवला, आत अत्तर नाही, अगरबत्ती नाही, गुलाबपाणी शिंपडायचं ते मांडवात. बायका कुजबुजल्या, ही हिंदू पोरगी आपल्या लग्नात कायदे करते. ती म्हणाली, "करतो. पटत नसन तं नवरीले विचारा." मी घुंगटात होते, मान हलवली.

तुम्ही आत आलात. मागे दोन गवाह, त्यांच्या मागे बडे अब्बा, बोलावलेले नसताना. तुम्ही नवा कुर्ता घातला होता आणि खांद्यावर गमछा नव्हता. तुम्हाला गमछ्याशिवाय मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. पहिल्यांदा विचारलंत. आवाज पूर्वीचा नव्हता, मशीनवरचा नव्हता, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेला. मी कबूल म्हणाले. दुसऱ्यांदा विचारलंत. कबूल. तिसऱ्यांदा मुलाच्या बापाचं नाव घेतलंत आणि थांबलात.

बडे अब्बांच्या कपड्यांना लावलेलं अत्तर होतं ते. त्यांनी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. लग्नाला माणूस अत्तर लावणारच. ते जवळ सरकले आणि वास तुमच्यापर्यंत पोचला. घुंगटाच्या जाळीतून मला तुमचा गळा दिसत होता. तो हलला. ओठ मिटले. बडे अब्बांनी वाक्य पुरं करायला तोंड उघडलं आणि तुम्ही त्यांच्याकडे न पाहता हात वर केलात. थांबा. आवंढा गिळलात. एकदा, परत एकदा. नाकानं श्वास. मग चहा फुंकल्यासारखा, इतका हळू की समोरच्याला वाटावं माणूस विचार करतोय. मी घुंगटात तुमच्यासोबत श्वास घेत होते. राजश्री दाराला टेकून उभी होती, तीही घेत असणार.

मग तुम्ही मेहर सांगितलीत आणि विचारलंत.

मी जबाब दिला. तुम्ही मागे वळलात, मांडवात गेलात आणि तो काझीसमोर सांगितलात, मी खिडकीतून ऐकला. नंतर टिनाच्या शेडमागून खोकण्याचा आवाज आला, बराच वेळ. मी कुणाला पाठवलं नाही. तो तुमचा होता, हक्काचा होता. आल्यावर बडे अब्बा तुम्हाला म्हणाले, "मालूम नहीं पड़ा." त्यांच्या तोंडून यापेक्षा जास्त मी अपेक्षा केली नव्हती, पण तुम्ही ते वाक्य नंतर आठवडाभर सगळ्यांना सांगत होता आणि मला तेव्हाही राग येत होता. मालूम पडलं असतं तर काय बिघडलं असतं?

हिवाळ्यात फुफ्फुसं थकली. दवाखान्यात ऑक्सिजन लागला. खोकला तिथेही येत होता आणि तुम्ही तो जमेल तसा हाताळत होता, शेवटी नर्सनं विचारलं की हे तुम्हाला कुणी शिकवलं. तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत. मी राजश्रीचं नाव सांगणार होते, पण तुम्ही डोळ्यानं गप्प केलंत. ते राजश्रीला मी सांगितलं आहे. ती म्हणाली, अब्बांनी बरोबर केलं.

आता जो कोणी दारात येऊन सुटले म्हणेल, त्याला मी पुढच्या खोलीत बसवते. खोली पांढरी आहे, चुन्यानं. गमछा खुंटीवर आहे, धुतलेला. अम्मीनं भांडायचं नाही म्हणून सांगितलंय, म्हणून मी भांडत नाही. फक्त एक गोष्ट सांगते, ज्याला सांगायची त्याला, आणि आज तुम्हाला.

माझ्या निकाहात माझे वकील तुम्ही होतात, अब्बा. तिन्ही वेळा तुम्हीच विचारलंत.